उपाशी डोळा

"आधी तुम्ही बसा, मग मी बसते," बायको यंत्रासमोर अडून राहिली.

बसड्रायव्हर हसला. तिला साखरेचा आजार जडून दहा वर्षं झाली होती. दरवर्षी डोळ्यांचे फोटो काढायचे आणि दरवर्षी हिची हीच धास्ती. यंदा तो मुद्दाम रजा टाकून सोबत आला होता. त्याला स्वतःला कधी साधा खोकलासुद्धा ठाऊक नव्हता.

"बघ, वाघ बसला पिंजऱ्यात," म्हणत त्याने हनुवटी टेकवली. लख्ख उजेड चमकला. "झालं! मुंगीसुद्धा चावत नाही."

मग तीही बसली.

थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. ड्रायव्हर बघतच राहिला. नारिंगी गोल, नुकत्याच उगवलेल्या सूर्यासारखा. एका बाजूला पिवळसर चकती आणि तिच्यातून फुटून चहूकडे पसरलेल्या लाल वाटा. तीस वर्षं त्याने रस्ते तुडवले होते, पण असं जाळं कुठे पाहिलं नव्हतं.

"हे डोळ्यात असतं?" त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"प्रत्येकाच्या."

"आणि ही नाजूक जाळी?" कडेला केसाहून बारीक लाल धाग्यांचा झुबका होता.

"ती मात्र नसायला हवी. साखरेमुळे जुन्या रक्तवाहिन्या बंद पडतात, डोळा उपाशी राहतो. मग जगण्यासाठी तो नव्या वाहिन्या तयार करतो. पण त्या फार कच्च्या. एखादी फुटली की आत रक्त साचतं, दिसेनासं होतं."

ड्रायव्हरच्या अंगावर काटा आला. एवढासा डोळा, कुणाला न सांगता केवढी धडपड करतोय! आणि आपण हिच्यावर चमचाभर साखरेवरून खेकसत होतो. त्याने बायकोचा हात घट्ट धरला. तो गार पडला होता.

"त्रास होत होता का गं?"

"मला तर सगळं स्वच्छ दिसतंय हो," ती पुटपुटली.

"सुरुवातीला काहीच कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण वेळ गेलेली नाही. लेसरने त्या कच्च्या वाहिन्यांना थोपवता येईल. याच आठवड्यात या."

"उद्याच आणतो हिला. गाडी मी स्वतः चालवीन, धक्कासुद्धा लागू देणार नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गाडी तूर्तास नको. आणि रक्त आजच तपासून घ्या. बाईंचे डोळे छान आहेत. हा डोळा तुमचा आहे."