कोरीव पडदे

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या थॅडियसने आपल्या नव्या शववाहिकेच्या दोन्ही बाजूंना, आजोबांच्या काळी असत तसे, अक्रोडाच्या लाकडात झुलते पडदे कोरले. पहिल्याच अंत्ययात्रेवर मृताच्या शत्रूटोळीने भररस्त्यात गोळ्या झाडल्या. पेटीतल्या मेलेल्या पोराला पुन्हा दोन लागल्या आणि गाडी चालवणाऱ्या थॅडियसच्या भावाचा कान उडाला.

"ज्याचं हे काम, तो हातगाडीवरून जाईल, या गाडीतून नाही," थॅडियस म्हणाला.

पंधरवड्याने एक बाई मुलासाठी तीच गाडी मागायला आली. आदल्या दिवशी त्यालाही कुणीतरी गोळी घातली होती.

"उद्यापर्यंत थांबा, बाई. पडद्यातली भोकं बुजवून देतो."

तिने एका भोकात बोट घातलं.



"नका बुजवू, दादा. ती त्यानंच पाडलीत."