मऊ काठी

"डेल्बर्ट! गळ बाहेर काढ! आधी बाहेर काढ तो!"

ऑरिन व्हॅनडेमार्क ओढ्याच्या अलीकडून जिवाच्या आकांताने ओरडला. पलीकडच्या खडकावर त्याचा मेहुणा मासेमारीची काठी घेऊन मजेत उभा होता. त्याने हात हलवला.

बरेच दिवस पाऊस नव्हता. ओढ्यातले दगड उघडे पडले होते आणि उरलेलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं होतं. असल्या पाण्यात ट्राउट माशांचा जीव कोंडतो. म्हणून ओढ्यातले उरलेसुरले मासे, जिथे खडकातून गार झरा फुटतो त्या एवढ्याशा डोहात येऊन अंगाला अंग लावून पडले होते. नुसते कल्ले हलत होते. पानगळीला अंडी घालायची ती यांनीच. हे गेले की ओढा मेला. ऑरिन रोज दुपारी येऊन त्यांची राखण करायचा. आज जेवायला म्हणून घरी गेला, तेवढ्यात हे.

"ओरडताय काय दाजी, मासे बिचकतील!" डेल्बर्ट म्हणाला. "उन्हाळ्यात गरम पाण्यात गळ टाकायचा नसतो, एवढं आम्हालाही कळतं. म्हणून तर इथे आलो. इथलं पाणी कसं बर्फ आहे! आणि धरला की लगेच सोडणार. गळाला उलटा काटासुद्धा ठेवला नाही मी."

भीक नको पण कुत्रं आवर, असं ऑरिनला झालं. पाण्यातून जाऊन त्याच्या एक कानाखाली ठेवून द्यावी, तर डोहात पाय टाकायची सोय नव्हती. एक पाऊल पडलं असतं की सगळे मासे उधळून गरम पाण्यात गेले असते. आणि पूल तर पार खाली, गिरणीच्या पलीकडे.

तेवढ्यात दोरा ताणला.

मोठी मादी होती. गळ लागताच ती डोहातून सुसाट निघाली आणि थेट मधल्या कोमट धारेत शिरली. काठी मुठीपर्यंत वाकली.

काठी ऑरिनच्याच हातची होती. दर हिवाळ्यात तो बांबूच्या कामट्या रंध्याने तासून, एकमेकींना चिकटवून एक काठी जास्तीची करायचा आणि ओढ्याच्या नावाने देऊन टाकायचा. गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकच्या न्याहारीला तिकिटं विकून तिची सोडत निघायची. जमेल त्या पैशातून ओढ्याच्या कडेने वाळुंजाची रोपं लावायची, पुढेमागे पाण्यावर सावली येईल म्हणून. यंदाची काठी डेल्बर्टला लागली होती. रोपं अजून गुडघ्याएवढीच होती.

ऑरिनच्या काठ्या मऊ. माशाबरोबर वाकत जातात, त्याला हळूहळू दमवून आणतात. लोक लांबून येतात ते त्यासाठीच. एरवीच्या गार पाण्यात त्याने काही बिघडत नाही. या पाण्यात जो दमला तो मेला.

"लवकर ओढ तिला! जोर लाव!"

"जोर लावला तर टोक जाईल, दाजी!"

"जाऊ दे!"

"जाऊ दे काय? काठी देताना तुम्हीच बजावलंत ना? मोठ्या माशाशी घाई नको, टोक जप म्हणून?"

"गाढव होतो मी! मोड ती काठी. मी केलीय, मीच सांगतोय, मोड! दुसरी देतो तुला. दोन देतो. पण तिला दमवू नकोस रे, पाया पडतो तुझ्या!"

डेल्बर्ट हसला. "घरी जाऊन ताईला सांगतो, दाजींना ऊन लागलंय."

आणि तो फार मायेने, जरासुद्धा हिसका न देता मासा खेळवू लागला. मादी ओढायची तेव्हा दोरा सोडायचा, थांबली की हलकेच गुंडाळायचा. ऑरिन झऱ्याशी गुडघ्यांवर बसला. काठी सुरेख वाकत होती, कुठेही न अडखळता. आपल्याला या घडीलाही ते दिसतंय, याची त्याला शिसारी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

अखेर मादी खडकाशी आली. ती आता झुंजत नव्हती. डेल्बर्ट खाली बसला. जाणत्या माणसासारखा त्याने आधी हात ओला केला, मग तिला धरलं. गळ अलगद काढला. तोंड धारेकडे करून तिला पाण्यात धरून ठेवलं, बराच वेळ.

"जा, बाई," म्हणत त्याने हात उघडला.

ती कुशीवर कलली. मग पांढरं पोट वर आलं आणि धार तिला सावकाश खाली घेऊन गेली, रोपांच्या कडेकडेने, उन्हातून.

डेल्बर्ट ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्याने ऑरिनकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या टोकाने तो काठी पुसू लागला, मुठीपासून वरपर्यंत, पुन्हा पुन्हा.

"दाजी," शेवटी तो पलीकडून म्हणाला. आवाज जेमतेम ऐकू आला. "काठीला काही झालं नाही हं. अगदी सरळ आहे."