चढती रेघ

"वा! यंदा चढणारी ही पहिलीच रेघ!" मुंबईहून हेलिकॉप्टरने आलेल्या जनरल मॅनेजरांनी माझ्या पडद्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. बरोबरच्या चौघांनीही वाजवल्या.

ती रेघ टाकीतल्या चिखलाची होती. तेलविहीर खोदताना आम्ही चिखल आत सोडतो. सोडला त्याहून जास्त परत येत होता, म्हणजे खालून गॅस ढकलत होता. तो वर पोचला की समुद्रातला हा अख्खा रिग पेटणार, आम्हा सगळ्यांसकट.

साहेब फोटोसाठी नेमके विहीर बंद करायच्या बटणासमोर उभे. "एक मिनिट, तांडेल. रेघ नीट येऊ दे."

"रेघ गेली खड्ड्यात! बाजूला व्हा!" मी त्यांना कोपराने ढकलून बटण दाबलं. विहिरीचं तोंड मिटलं. रेघ आडवी झाली.

साहेबांनी मोबाइल पाहिला. "फोटो हलला रे. परत एकदा चढव ना."