पत्त्यातली दुरुस्ती

अर्जावर पत्ता लिहून झाला, आणि मग चंद्रहासला कप्पे दिसले.

शाळेच्या व्यायामशाळेत दोन टेबलं मांडली होती. एकावर पाटी होती सूचनांची, दुसऱ्यावर हरकतींची. ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये शिरलेल्या सैन्याने ऑक्टोबरमध्ये नव्या प्रांताची सनद भिंतीभिंतींवर चिकटवली होती आणि तिच्या बावीस कलमांवर रहिवाशांची मतं मागवली होती. हरकतींच्या टेबलामागे एक लाकडी मांडणी होती. कप्प्यांवर कलमांचे आकडे असतील असं त्याने गृहीत धरलं होतं. तिथे आकडे नव्हते. मंगफ, सालमिया, रिग्गई अशा वस्त्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

चंद्रहास अकरा वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होता. लॅबमध्ये नमुने तपासणीप्रमाणे लावतात. माणूस शोधायचा असेल तरच ते नाव-पत्त्याप्रमाणे लावावे लागतात.

त्याची हरकत कलम सातला होती. इस्पितळांतली यंत्रं बाहेर हलवण्याचा अधिकार त्या कलमाने सैन्याला मिळणार होता. रक्त तपासायचं एकच यंत्र उरलं आहे, ते गेलं तर काय होईल, हे त्याने चार मुद्द्यांत लिहून आणलं होतं.

"अहो, हा काय नाशिकचा रिंग रोड आहे, हरकत घ्यायला?" श्यामला सकाळी म्हणाली होती.

"तिथेही माझ्या हरकतीला सगळे हसलेच होते. पण रस्त्याची रेषा वीस फूट सरकली की नाही?"

"तिथे टेबलामागे बंदुका नव्हत्या."

तेव्हा आतल्या खोलीत लैला बाळाला थोपटत होती. लैला त्याच्या लॅबमधली कुवेती डॉक्टर. तिचा नवरा कुवेती सैन्यातला अधिकारी, तो निसटला होता. आता घुसलेलं सैन्य तिला शोधत होतं. बारा दिवस ती या दोघांकडे होती.

आणि आता अर्जाच्या पहिल्या पानावर, चंद्रहासच्या नेटक्या अक्षरात, तिचा पत्ता होता. रिग्गई, इमारत चौदा, फ्लॅट पाच.

सूचनांच्या रांगेतून पावाच्या भट्टीवाला यूसुफ परत निघाला होता. जाता जाता तो पुटपुटला, "मी लिहिलं, सनद फार छान. फार छानला पत्ता लागत नाही, उस्ताद."

हरकतींच्या टेबलावर बसलेल्या कॅप्टनने अर्ज उचलला.

"माफ करा," चंद्रहास अरबीत म्हणाला. "हा अर्ज परत मिळेल का?"

"हरकत परत घेता येत नाही." कॅप्टनचा आवाज शाळामास्तरासारखा समजूतदार होता. "काही चुकलं का?"

"फ्लॅटचा नंबर."

"मग दुरुस्त करा." त्याने अर्ज पुढे सरकवला. "पत्ता चुकला की भलत्याच माणसाला त्रास होतो."

चंद्रहासने पेन उघडलं. इमारतीत सहाच फ्लॅट होते. तीनमध्ये रसिका आणि तिच्या मुली. चारमध्ये म्हातारं पॅलेस्टिनी जोडपं. जो आकडा लिहावा त्यामागे कुणीतरी जेवायला बसलेलं होतं. मग त्याला एक नंबरचा फ्लॅट आठवला. तिथला सलील कर्णिक रविवारीच अम्मानच्या बसने निघून गेला होता. दारावरची पाटीही काढून नेली होती त्याने. राहिली होती फक्त चिमणीच्या आवाजाची बेल, पुण्याहून हौसेने आणलेली. इमारतीतली पोरं जाता-येता ती दाबायची आणि पळायची.

चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करायची, हा लॅबचा नियम. त्याने पाचाचा आकडा कागद फाटेपर्यंत खोडला आणि शेजारी एक लिहिला.

"एक. नक्की?"

"नक्की."

"उत्तम. हरकती आम्ही घरी येऊन ऐकतो. रिग्गईला जाणारी आमची माणसं आत्ताच निघताहेत."

त्याला घरी चालत यायला चाळीस मिनिटं लागली. अर्ध्या वाटेत एक जीप त्याला मागे टाकून गेली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामं घर ठोठावतील आणि जातील, एवढंच तो मनाशी म्हणत होता.

जीप इमारतीसमोर उभी होती. दोन सैनिक राखणदाराशी बोलत होते, तिसऱ्याच्या हातात कागद होते. चंद्रहास मान खाली घालून आत गेला. जिन्यात आज पोरं नव्हती. तिसऱ्या मजल्यावर त्याने हात वर करायच्या आत श्यामलाने दार उघडलं आणि त्याला आत ओढलं.

आतली खोली आवरलेली होती. गादी गुंडाळलेली होती. दुधाची बाटली जाग्यावर नव्हती.

"लैला कुठाय?"

"हळू बोला. तुम्ही गेलात, तेव्हाच हलवली तिला." श्यामलाच्या चेहऱ्यावर बारा दिवसांत पहिल्यांदाच थोडा निवांतपणा दिसत होता. "म्हटलं, यांचं नाव आज त्यांच्या हातात जाणार, आता आपलं घर नको. सलीलभाऊजींची किल्ली होतीच माझ्याकडे. त्या दारावर कुणाचं नाव नाही, कुठल्या कागदावर नाही. तिथे कोण कशाला जातंय?"

खाली चिमणी चिवचिवली. थांबली. पुन्हा चिवचिवली.