धाकटा भेटायला आला

पडदा पडला आणि रंगपटाच्या दाराशी झुंबड उडाली. थोरला आरशासमोर मेकअप पुसत होता. गर्दी आपल्यासाठी नाही, हे त्याला मान न वळवताच कळलं.

"धाकटा आलाय रे!" मेकअपवाला ओरडला.

दोघांनी या नाटकात वर्षानुवर्षं भावांची कामं केली होती. मंडळी अजून त्याच नावांनी हाका मारायची. मग धाकट्याला मालिका मिळाली आणि तो घराघरांत पोचला. थोरल्याच्या घरातही. मालिकेची वेळ झाली की बायको हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायची. "किती सहज करतात ना भाऊजी!" म्हणायची. थोरला म्हणायचा, "आवाज कमी कर."

एका बाईंनी थोरल्याच्या हातात मोबाइल दिला. "दादा, यांच्याबरोबर आमचा एक काढता का?"

आत्ताच याच बाईंसमोर तो जीव तोडून मेला होता. त्यानं फोटो काढला. धाकट्याचं अर्धं डोकं कापून.

गर्दी पांगल्यावर धाकट्यानं दार लोटलं आणि खुर्चीत अंग टाकलं. मघापासूनचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"थोरल्या, काढलं रे मला. सोमवारच्या भागात माझी गाडी दरीत कोसळते."

"दुसरं काही मिळेल की. तुला काय तोटा?"

"सगळीकडे जोडे झिजवले. म्हणतात, चेहरा फार ओळखीचा झालाय." तो खाली बघून बोलत होता. "मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकशील? धाकटाच पाहिजे असं नाही. कुठलंही काम चालेल."

"टाकतो ना. हे काय विचारणं झालं?" थोरला म्हणाला. आवाज हवा तसाच लागला, जड आणि किंचित कापरा. त्यानं धाकट्याला उठवून घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात त्याला समोरच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं. दात दिसत होते. त्यानं घाईघाईनं ते मित्राच्या खांद्यात खुपसलं, ओठ दाबून धरले. पण अंग गदगदायचं थांबेना.

धाकटा त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"अरे वेड्या," तो म्हणाला, "तू कशाला रडतोस?"