बुशराचं रक्त

“परत लावा मॅडम. मशीनच हाय, चुकत आसंल.” इनुस हात जोडून उभा होता.

“दोनदा लावलंय, मामा.” लॅबच्या डॉक्टर पूनम मॅडमनी मशीनचा पडदा त्याच्याकडं वळवला. “हा एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. पांढऱ्या पेशींचे वेगवेगळे पुंजके दिसायला हवेत. इथं एकच ढग दाटलाय. मशीननं खूण केली, म्हणून मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिली. कच्च्या पेशीच पेशी. रक्ताचा कॅन्सर दिसतोय, झपाट्यानं वाढणारा. कोणत्या जातीचा, ते पुण्याच्या तपासण्यांत कळेल. बुशराला उद्याच न्या. उशीर केलात तर हातची जाईल.”

इनुसनं स्कूटर दौंडकडं वळवली. घोडनदी मागं पडली, पण तो ढग काही डोळ्यांपुढून हलेना. नवऱ्याकडच्यांनी निकाहाआधी रक्त तपासून मागितलं, म्हणून मायलेकी कालच शिरूरला येऊन गेल्या होत्या. लेक आधीच काडी, त्यात पिवळी पडलेली. सुई बघून घाबरली असेल, आईचा पदर धरला असेल. मेंदी लागायच्या हाताला आता सलाइन लागणार. वाटेत न्हावऱ्याला गाडी थांबवून, बाभळीकडं तोंड करून त्यानं रडून घेतलं.

घराच्या दारात बायको, फरीदा, कांदे निवडत बसली होती. दंडावर निळा डाग. हल्ली तिला जरा कुठं लागलं की उमटायचा. बुशरा शेजारी ब्लाउजचं माप द्यायला गेली होती.

“काय झालं वो? तोंड का आसं?”

त्यानं सगळं सांगितलं. सांगता सांगता उंबऱ्यावरच बसला. “पोरगी जाती, फरीदा. आपली पोरगी जाती.”

तिच्या हातातला कांदा गळून पडला. “शिरूरला दिलं, त्याच रक्तात निघालं?”

“त्याच. दोनदा बघितलं म्हनं.”

फरीदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदगदू लागले. हंबरडा फुटणार म्हणून इनुसनं तिचे हात बाजूला केले, तर ती हसत होती. डोळ्यांतून धारा, आन् हसत होती.

“येडी झालीस का?”

“आवो, बुशराला काय बी झालं न्हाई! तिच्या अंगात रक्त कमी. रिपोर्टात आलं तर सोयरीक मोडंल, म्हून मला भ्या वाटलं. लॅबवाल्यानं गर्दीत तिचं नाव पुकारलं, आन् मीच हात पुढं केला.”