उतारावरची जागा

बाबांचा ट्रक गेली सहा वर्षं गल्लीच्या उतारावरच उभा असायचा, चाकाखाली दगड लावून. सकाळी बॅटरी उतरलेली असायचीच. मग दगड काढायचा, गाडी उतारावर सोडायची आणि गिअर टाकून ती चालू करायची. तीन मिस्त्री झाले, दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग तर दर हिवाळ्यात जळायचे.

"जित्याची खोड आहे ती, मेल्याशिवाय जायची नाही," बाबा म्हणाले. "तू आपली गॅरेजातल्या नव्या गाड्या बघ."

मी ऐकते कुठली! चावी काढून अर्धा तास झाला, तरी प्लगचा रिले हाताला चटका देत होता. आतून चिकटला होता तो. गाडी बंद असतानाही प्लगना करंट देत बसायचा. बॅटरी पिणारा आणि प्लग जाळणारा चोर हा एकच. रिले बदलला, प्लग नवे बसवले.

बाबांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आज झाली. उद्याचं उद्या बघू," एवढंच बोलून ते खेपेला निघून गेले.

शाबासकी दिली तर ते बाबा कसले!

संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा उतारावर नुसता दगड पडला होता. ट्रक खाली सपाट जागेवर उभा होता, भिंतीला नाक टेकवून.